धाप लागणाऱ्या माणसाने बसावे की चालावे?



या पानावर आपण दर अंकी लागण, खोडवा, हुमणी, ठिबक असे विषय घेतो. या वेळचा विषय उसाचा नाही, पण उसाच्या गावातला आहे. लागणीच्या नोंदीसाठी वस्तीवर गेलो की बऱ्याच घरी सोप्यात एक बाज दिसते आणि बाजेवर एक वयस्क माणूस पुढे वाकून बसलेला असतो. "काय आबा, बरं हाय का?" म्हटलं तर उत्तर येतं, पण दोन शब्दांमागे एक श्वास. घरची मंडळी सांगतात, "दम्याचं दुखणं हाय. आम्ही त्यास्नी उठूच देत नाही." हे शेवटचं वाक्य मायेचं आहे आणि चुकीचं आहे. ते कसं, एवढाच आजचा धडा.

मी डॉक्टर नव्हे, शेतीचा डिप्लोमा केलेला माणूस. पण घरातल्या दुखण्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी व्यायामोपचार विभागात आठ आठवडे हेलपाटे घातले, तिथे जे शिकवलं आणि नंतर जे वाचून खात्री करून घेतली, ते मांडतो.

रोग कोणता?

आपण सरसकट ज्याला दमा म्हणतो त्यात निरनिराळे रोग येतात. खरा दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, झटका येतो आणि जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. दुसरा रोग चाळिशीनंतर हळूहळू चढतो. आधी चढावर धाप, मग सपाटीवर, मग अंघोळ करतानासुद्धा. याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसाच्या बारीक पिशव्या फाटून सैल पडतात. 2016 साली भारतात या रोगाचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, आणि त्या वर्षी देशातल्या मृत्यूंच्या कारणांत हृदयविकारानंतर याचाच नंबर होता.

विडी हे मोठं कारण खरं, पण ज्या माउलीने आयुष्यात विडीला हात लावला नाही तिलाही हा रोग होतो, कारण चाळीस वर्षं तिने चुलीपुढे फुंकणी धरलेली असते. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, धुळीची कामं, पूर्वी होऊन गेलेला क्षय, ही सगळी कारणं आहेत. पाचट जाळू नका असं मी आजवर जमिनीसाठी सांगत आलो, आता छातीसाठीही सांगतो. (ओल्या-कुजक्या भुश्शाने होणारा फुप्फुसाचा रोग वेगळा. 1941 मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात तो प्रथम नोंदला गेला. भुसा हाताळणाऱ्यांनी तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क बांधावा. पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

बसल्याने काय बिघडतं?

आता मुद्द्याचं. चाललं की धाप लागते, म्हणून माणूस चालणं कमी करतो. चालणं कमी झालं की मांड्या-पोटऱ्या झिजतात. झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते आणि ते लवकर थकतात. मग पूर्वी शंभर पावलांवर लागणारी धाप पन्नासावर लागते. माणूस आणखी बसतो. रोग फुप्फुसाचा, पण खचतात पाय. माणूस शेवटी बाजेला खिळतो, त्यात छातीइतकाच पायांचाही वाटा असतो.

पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. बॅरॅक यांनी अशा रोग्यांना चालवावं असं मांडलं, आणि 1960 च्या दशकात डेन्व्हर शहरात डॉ. थॉमस पेटी यांनी त्याची पद्धतशीर घडी बसवली. पुढे जगभर प्रयोग झाले. 2015 साली 65 प्रयोगांचा, म्हणजे 3,822 रोग्यांचा, एकत्र हिशोब मांडला गेला. धाप कमी होते, थकवा कमी होतो, आणि सहा मिनिटांत चालण्याचं अंतर सरासरी सुमारे 44 मीटरने वाढतं, असं निघालं. 44 मीटर ऐकायला किरकोळ वाटेल. पण ज्याला परसाकडे जायला माणूस लागतो त्याला त्याची किंमत विचारा.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगतो, नाहीतर उद्या कोणी मला धरील. या व्यायामाने फुप्फुस दुरुस्त होत नाही. फुंकून करायच्या तपासणीचा आकडा जवळपास तोच राहतो. मग फायदा कुठून? आपल्या विहिरीचं पाणी वाढत नाही, पण पाटपाणी बंद करून ठिबक केलं की तेवढ्याच पाण्यात जास्त रान भिजतं की नाही? तसंच हे. हवा तेवढीच, पण कसलेले पाय ती काटकसरीने वापरतात.

आमच्या घरची गोष्ट

वडिलांनी वीसेक हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणाला चिपाड घातलं. 2018 च्या हिवाळ्यात ते दवाखान्यात पडले. घरी आणल्यावर मीच हुकूम सोडला, आबांनी उठायचं नाही. पाणी जागेवर, ताट जागेवर, दाढीसुद्धा जागेवर. वर्षभरात ते मोरीपर्यंत एकटे जाईनासे झाले. मला वाटायचं, रोग वाढतोय. व्यायामोपचाराच्या बाईंनी त्यांची मांडी हाताने मोजली आणि मला विचारलं, "यांना बसवून कोणी ठेवलं?" मी काही बोललो नाही.

पहिल्या दिवशी सहा मिनिटांत आबा 165 मीटर चालले, मध्ये दोनदा भिंतीला टेकून. आठ आठवड्यांनी 220. तपासणीचा फुंकीचा आकडा तोच. पण ते विहिरीच्या बांधापर्यंत जाऊन पाटाचं पाणी बघून आले आणि दार कुणी उघडं टाकलं म्हणून मलाच शिव्या दिल्या. पुढच्या पावसाळ्यात चिखलाचं निमित्त होऊन तीन आठवडे चालणं बंद पडलं, आणि पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून आता पावसात सोप्यातच फेऱ्या.

व्यायाम कसा करतात?

आधी डॉक्टरांकडून तपासणी, ही अट. नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल तर स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्यावी. ओढायचा पंप दिलेला असेल तर तो नीट ओढता येतो का हे दाखवून घ्यावं, बरेच जण औषध जिभेवरच मारतात.

मुख्य व्यायाम चालण्याचा. आठवड्यातून निदान तीन दिवस देखरेखीखाली, बाकीचे दिवस घरी, असं सहा ते बारा आठवडे. धापेला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. चालताना धाप चार ते सहाच्या मध्ये असावी, म्हणजे बोलता येतं पण गप्पा मारता येत नाहीत. धाप लागली म्हणजे नुकसान झालं असं नाही, ही समजूत आधी डोक्यातून काढायची. सुरुवातीला दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, असं करत एकूण वीस ते तीस मिनिटांपर्यंत न्यायचं. शिवाय खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. हातासाठी पाण्याची बाटली भरून उचलायची. खांद्याच्या वर हात नेऊन काम केलं की या माणसांना लवकर धाप लागते, म्हणून ते हळू वाढवायचं.

श्वासाची रीत शिकून घ्यावी. नाकाने दोन अंक मोजत आत, आणि गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार अंक मोजत बाहेर. जोर नको. या रोगात जुनी हवा बाहेर पडायच्या आत माणूस नवी घ्यायला बघतो, छाती फुगून राहते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. गोदामातली जुनी पोती निघाल्याशिवाय नवी कुठे लावणार? उठताना, ओझं उचलताना, पायरी चढताना श्वास सोडायचा. फारच दम लागला तर गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकावं.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल तर डॉक्टरांनी किती आकड्याला थांबायला सांगितलं आहे ते लिहून ठेवा, बहुधा तो 88 च्या आसपास असतो. घरी ऑक्सिजन चालू असलेल्या रोग्यालाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिजनसह चालवता येतं. छातीत कळ, चक्कर, ओठ निळे पडणं, असं दिसलं की लगेच थांबून दवाखाना गाठायचा. बेडका वाढून पिवळा-हिरवा झाला, ताप आला किंवा पाय सुजले तरीही त्याच दिवशी दाखवावं. आणि दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला महिनाभराच्या आत या व्यायामाला लावावं, उशीर केला की आमच्यासारखं होतं. जेवणात डाळ, अंडी, दूध वाढवा, नुसत्या भाकरी-चटणीवर मांडी भरत नाही.

विडी चालू ठेवून हे सगळं करणं म्हणजे फुटक्या पाइपला ठिबक जोडणं.

अंतर मोजायला 30 मीटरची सपाट, सरळ जागा लागते. आपल्या गट ऑफिसात प्लॉट मोजणीचा टेप नेमका 30 मीटरचाच आहे. ज्यांना घरापुढे किंवा वस्तीच्या रस्त्याला अंतर आखून पाहिजे त्यांनी स्लिपबॉयजवळ नाव द्यावं. चुन्याच्या दोन खुणा करायला पाच मिनिटं लागतात, फेरी असेल त्या दिवशी करून देऊ. पहिल्या दिवसाचं अंतर आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आठ आठवड्यांनी पुन्हा मोजू.

— ऊसविकास अधिकारी