शर्यतीतील धडक : दोष कोणाचा?

माझे वडील मालट्रक चालवतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर एक दुचाकीस्वार अण्णांच्या ट्रकच्या डाव्या अंगाने आत घुसला आणि धडकला. तो वाचला, पण कोणी काही विचारण्याआधीच जमावाने अण्णांना मारले. मोठी गाडी म्हणजे दोषी, हा रस्त्यावरचा न्याय! तेव्हापासून ‘दोष ठरवावा कसा?’ हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मोटारशर्यतीच्या नियमांत त्याचे एक उत्तर सापडले, ते वाचकांपुढे ठेवतो.

शर्यतीत पुढे जाणे हाच हेतू. म्हणून फॉर्म्युला वनमध्ये बंदी ओव्हरटेकला नसून गैररीतीला आहे. पुढच्या चालकाने जागा राखण्यासाठी एकदाच दिशा बदलावी. बचावासाठी बाजूला सरकून तो वळणापूर्वी पुन्हा मूळ मार्गाकडे येत असेल, तर कडेला एका गाडीपुरती जागा सोडावी. आतल्या बाजूने घुसणाऱ्यालाही जागा मागण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. २०२५ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे, वळणाच्या मध्यबिंदूपर्यंत त्याची पुढची चाके दुसऱ्या गाडीच्या आरशाला तरी भिडलेली हवीत.

धडक झाली की पंच विचारतात, दोष पूर्णतः किंवा मुख्यतः एकाचाच आहे काय? तसे नसेल, तर ती ‘शर्यतीतील घटना’ ठरते व कोणालाच शिक्षा होत नाही.

नियम सोपा, पण हेतू ओळखणे अवघड. १९९० साली जपानमधील सुझुका येथे पहिल्याच वळणावर आयर्टन सेना व अ‍ॅलन प्रोस्ट धडकले. दोघेही बाद झाले आणि सेना जगज्जेता ठरला. शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी आपण मुद्दामच माघार घेतली नव्हती, हे त्याने स्वतःच कबूल केले. उलट १९९७ साली स्पेनमधील हेरेझ येथे मायकेल शूमाकरने जाक व्हिलनवच्या गाडीवर आपली गाडी वळवली. पंचांनी प्रथम सोडून दिले. पण नंतर जागतिक संघटनेने त्या वर्षीच्या क्रमवारीतून त्याचे नाव काढून टाकले.

तिसरे उदाहरण २०२१ चे, इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनचे. पहिल्याच फेरीत लुईस हॅमिल्टनशी टक्कर होऊन मॅक्स व्हर्स्टापेनची गाडी भिंतीवर आदळली. त्याला तपासणीसाठी इस्पितळात न्यावे लागले. दोष मुख्यतः हॅमिल्टनचा ठरला. शिक्षा झाली दहा सेकंदांची, आणि तरीही शर्यत त्यानेच जिंकली! अनेकांना हे अन्यायाचे वाटले. परंतु पंचांनी मोजायची ती चूक. तिचा परिणाम नव्हे. कोणाला किती लागले यावरून दोष ठरत नाही. जागेवर हक्क कोणाचा होता, यावरून ठरतो.

हे सारे मी अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “तिथं निदान आधी बघत्यात, मग शिक्षा देत्यात.”

मला वाटते, सगळ्या नियमांचे सार एवढेच आहे.