पृथ्वीवरील सूर्य

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येऊन हेलियम बनतो व अपार ऊर्जा प्रकट होते. ही क्रिया दोन दशकांत मानवाच्या स्वाधीन होईल, असे भाकीत डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनीव्हा येथील परिषदेत केले. ते खरे ठरले नाही. ही अणुकेंद्रे परस्परांस दूर लोटतात. त्यांच्या मीलनास पृथ्वीवर दहा कोटी अंशांहून अधिक उष्णता लागते. तेव्हा इलेक्ट्रॉन सुटे होऊन वायूचा प्लाझ्मा बनतो. त्याला धातूचे भांडे आवरू शकत नाही. म्हणून चुंबकशक्तीने तो अधांतरी धरतात.

लेसर हा दुसरा मार्ग. त्याने डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात दिलेल्या ऊर्जेच्या दीडपट ऊर्जा इंधनातून निघाली. लेसर चालविण्यास मात्र त्याहून कितीतरी अधिक वीज खर्ची पडली. उरलेला पल्ला पुढील पिढीने गाठावयाचा आहे.