बसून केलेला प्रवास आणि पोटरीतला गोळा

पावसाळ्यातल्या रविवारी आमच्या भुशी धरणाच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. मुंबई-पुण्याची मंडळी तासन्‌तास गाडीत अडकतात. त्यातली काही माझ्या दवाखान्यात येतात. तक्रार ठरलेली, "डॉक्टर, पाय भरून आलेत." बहुतेकांना मी थोडे चालायला सांगून परत पाठवतो. मात्र पाय भरून येणे दरवेळी साधे नसते, हे गेल्या जानेवारीत मी माझ्याच घरात शिकलो.

आम्ही दोघांनी कोकण किनाऱ्याने मोटारीने फिरायचा बेत केला होता. घाई करायची नाही, आवडेल तिथे मुक्काम. भुशीहून खोपोली, पेणमार्गे अलिबाग, मग मुरूड. आगरदांड्याला मोटार फेरीबोटीत चढवून दिघी, पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बाणकोटच्या खाडीवर बागमांडल्याहून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली आणि दाभोळची खाडी ओलांडून गुहागर. बेत रमतगमत जाण्याचा होता खरा, पण हातात चाक आले की मला पुढच्या फेरीबोटीची वेळ दिसू लागे. सौ. म्हणे, "अहो, जरा थांबता का कुठे?" माझे उत्तर, "हे काय, आलंच की." बोटीतही उन्हामुळे ती गाडीतच बसून राही.

शिवाय सकाळी निघताना ती पाणी जेमतेम ओठाला लावी. कारण स्त्री वाचकांना सांगायला नको. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नसतो. पाणी प्यायचे नाही, म्हणजे उतरायचे कारण नाही. उतरायचे नाही, म्हणजे पाय हलत नाहीत. चालवणाऱ्याचे पाय निदान क्लच-ब्रेकवर चाळवतात, शेजारच्याचे तेवढेही नाहीत.

गुहागरला रात्री ती म्हणाली, "डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं वाटतंय." "अगं, बसून बसून आलाय. तेल लावून चोळ," मी सांगून मोकळा झालो. दमल्यामुळे ती न चोळताच झोपली, हे नशीब. सकाळी तोच एक पाय सुजलेला आणि हाताला गरम. शिवणाच्या फितीने मोजले, तर डावी पोटरी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जाड. तडक चिपळूण गाठले. डॉपलर सोनोग्राफीत दिसले ते असे, की पायाच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली होती.

हृदयाकडून पायात आलेले रक्त परत वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते नीला पिळतात आणि आतल्या झडपा रक्ताला खाली घसरू देत नाहीत. माणूस गुडघे मोडून तासन्‌तास बसला, की हा पंप थांबतो, रक्त साचते आणि कधी गोठते. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, लंडनचे लोक बॉम्बहल्ल्याच्या भीतीने रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांत बसून काढत. त्यांच्यातल्या काहींचे असे आकस्मिक मृत्यू कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी त्याच वर्षी नोंदवले. कारण गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर प्राणावर बेतते. चोळू नये ते याचसाठी.

वाचकांनी घाबरून सहली रद्द करू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितले, की चार तासांहून लांब प्रवासाने हा धोका साधारण दुपटीने वाढतो. पण मुळात तो थोडाच असतो. निरोगी माणसाच्या बाबतीत अशा विमानप्रवासात सुमारे सहा हजारांत एक. मोटार, एस.टी., रेल्वे यांनाही हा नियम लागू आहे. जपायचे ते साठीच्या पुढच्यांनी, स्थूल व्यक्तींनी, गरोदर व बाळंतिणींनी, संततिनियमनाच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी. आमची सौ. महिन्यापूर्वीच तापाने अंथरुणाला खिळली होती. हे मला आठवायला हवे होते.

दर तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चाला. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला. पायांपुढे सामान रचू नका. पाणी नेहमीसारखे प्या आणि गाडी चालवणाऱ्याने थांबायला कुरकूर करू नये. झोपेची गोळी घेऊन प्रवास करू नका. दाब देणारे मोजे डॉक्टरांनी मापाने दिले तरच घाला; अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, कातडी गरम वा लालसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रवास संपल्यावर काही आठवड्यांनीही हे घडू शकते. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडले किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय.

सौ.ला रक्त पातळ ठेवणारी औषधे तीन महिने चालली. डॉक्टरांनी ती थांबवल्यावर मे महिन्यात आम्ही राहिलेला टप्पा पुरा केला. गुहागरहून तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड आणि मग गणपतीपुळे. तवसाळच्या बोटीत ती डोक्यावर पदर घेऊन कठड्याशी उभी राहिली. मी गाडीतच बसून होतो, तर काच वाजवून मलाही खाली उतरवले.