पाचशे चौरस मीटरची रेघ

उल्हासनगरला महापालिका; अंबरनाथ, बदलापूरला नगरपरिषदा. तेव्हा हरित बांधकामाचे नियमही निराळे असतील, असे कोणासही वाटेल. परंतु डिसेंबर २०२० पासून तिन्ही शहरांस राज्याची एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तीनुसार ५०० चौरस मीटर वा अधिक भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजलसंचय सक्तीचा आहे.

खरा फरक जमिनीत आहे. आमच्या सोनिवलीकडे, बदलापुरात, मोकळ्या जमिनीवर उठणारी गृहसंकुले या नियमात सहज सापडतात. उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वाढले. तेथील पुष्कळ भूखंड लहान, म्हणून सुटतात. अंबरनाथमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. पाऊस मात्र भूखंड मोजून पडत नाही! मग लहान भूखंडांच्या प्रत्येक गल्लीस मिळून एक शोषखड्डा सक्तीचा का नसावा?