उपवासाआड लपलेलं दुखणं

"मंगळवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी. देवाचं करते म्हटल्यावर नको म्हणायला जीभ रेटत नाही हो, डॉक्टर." पंधरा वर्षांच्या लेकीला घेऊन आलेली आई सांगत होती. मुलीचं वजन वयाला साजेसं होतं. पण जबड्यापाशी गाल गालगुंड झाल्यासारखे फुगलेले, आणि उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर जुने घट्टे. मुद्दाम उलट्या काढताना दात लागून असे घट्टे पडतात. ही बुलिमिया या आजाराची खूण. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजन ठीक दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका.

उपासमारीने मनही पोखरलं जातं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले, रात्रंदिवस खाण्याचाच विचार करू लागले. एकाने स्वतःला गंभीर इजा करून घेतली. मुद्दाम की चुकून, हे त्याचं त्यालाही सांगता येईना. मग वाढत्या वयातल्या पोरांचं काय होत असेल? म्हणून 'नखरे पुरे' हे शब्द मला सहन होत नाहीत.

खाण्याचे असे आजार असलेल्या मुलांमध्ये स्वतःला जखमा करून घेणं, दारू, आत्महत्येचे विचार यांचा धोका खराच जास्त असतो. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा आग्रह, जेवण होताच बाथरूमचं दार बंद, थांबलेली पाळी, याकडे लक्ष ठेवा. "मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. 'होय' म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चक्कर, छातीत धडधड असेल तरीही तेच. टेली मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालू नका, तेही जिवावर बेतू शकतं. किती, कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. ताटावर बसवणं मात्र आईबापांनाच करावं लागतं, न रागावता, रोज.

त्या मुलीच्या घरी सध्या रात्री जेवण झालं की तासभर पत्त्यांचा डाव मांडतात. तेवढा वेळ ती जागची उठत नाही.