अनेकांची मुंबई

नाशिकरोडहून निघालेली आगगाडी कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईस येते. फलाटावर पाऊल ठेवताच मराठी, गुजराती, उर्दू, तमिळ अशा नाना भाषा कानी पडतात. क्वालालंपूर, सिंगापूर या नगरांप्रमाणेच राज्याची ही राजधानीही अनेक जनसमूहांची नगरी आहे.

ओव्हल मैदानात उभे राहिले, म्हणजे पूर्वेस 19 व्या शतकातील दगडी इमारती व पश्चिमेस 1930 नंतरच्या काँक्रीटच्या इमारती समोरासमोर दिसतात. 2018 साली युनेस्कोने या इमारतींना जागतिक वारशाचा मान दिला. पूर्वेकडील राजाबाई मनोरा 1878 मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. द्रव्य दिले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि मनोऱ्यास नाव लाभले त्यांच्या मातेचे. दगड मात्र कुर्ल्याचा. वर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे पुतळे कोरलेले आहेत. जणू साऱ्या नगरीने तेथे एकत्र उभे राहावे!

भूक लागली, की प्रवासी वडापाव घेतो. त्यातील बटाटा व मिरची मूळची दूरच्या अमेरिका खंडातील. पाव पोर्तुगीजांनी आणला. ‘परक्यांना येथे स्थान नको,’ असे म्हणणाऱ्याने आपल्या हातातील घासाकडे पाहावे. परके तेवढे वगळले, तर त्याच्या वाट्यास फार तर बेसनाचे आवरण उरेल. इतरांना सामावून घेते, तीच नगरी मोठी होते.