बादलीभर ऊन पाणी

प्रास्ताविक

‘पाणी वाचवा, वीज वाचवा’ हे वाक्य तुम्ही भिंतींवर, बसगाड्यांवर आणि वीजबिलाच्या मागच्या बाजूलाही वाचले असेल. इतक्या वेळा वाचलेल्या वाक्याचे एक दुर्दैव असते; ते डोळ्यांना दिसते, पण मनापर्यंत पोहोचत नाही. किती पाणी, किती वीज आणि ती वाचवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या वाक्यातून कळत नाही. प्रस्तुत पाठात रोजच्या स्नानाच्या आधारे याच प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी आपण प्रथम पश्चिम बंगालमधील बजबज या गावी जाणार आहोत.

हुगळीच्या काठी

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या डाव्या तीरावर बजबज वसले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच आगबोटीतून उतरले आणि आगगाडीने सियालदहला गेले. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडातून परत पाठवलेले ‘कोमागाता मारू’ जहाज येथे आले आणि त्यातील प्रवाशांवर इंग्रज सरकारने गोळीबार केला. तागाच्या गिरण्या आणि खनिज तेलाच्या साठवण टाक्या ही या गावाची आणखी एक ओळख.

येथे हुगळीला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते. घाटाच्या पायऱ्या दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात आणि दोनदा उघड्या पडतात. नदीवर स्नान करणाऱ्यांना हे वेळापत्रक सांगावे लागत नाही. बंगालमध्ये अंगाला मोहरीचे तेल चोळून, खांद्यावर गमछा टाकून, दुपारच्या जेवणापूर्वी स्नानाला जाण्याची जुनी चाल आहे. मराठी माणसाला याचे थोडे नवल वाटते. आपल्याकडे सकाळी उठल्यावर स्नान उरकल्याशिवाय देवाला फूल वाहता येत नाही, आणि दुपारी बाराला स्नान करणाऱ्याला आळशी ठरवायला घरातली मंडळी टपलेलीच असतात! या दोन सवयींकडे पुढे पुन्हा वळायचे आहे.

बजबजला लागूनच पुजाली येथे मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथील पहिला संच १९९७ मध्ये सुरू झाला. आज तेथे प्रत्येकी २५० मेगावॅट क्षमतेचे तीन संच आहेत आणि कोलकाता परिसराला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा ते उचलतात. कोळसा दळून त्याची भुकटी भट्टीत जाळतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेच्या दाबाने चक्र फिरते आणि त्या चक्राला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. ही वीज तारांमधून शहरात जाते. शहरातल्या एखाद्या न्हाणीघरात कोणी भिंतीवरचे बटण दाबतो आणि गिझरमधले पाणी तापू लागते.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. नदीकाठी पाणी तापवले, त्याची वाफ केली, वाफेची वीज केली, वीज काही कोस नेली आणि शेवटी त्या विजेने काय केले, तर पुन्हा पाणीच तापवले. या लांबच्या प्रवासात कोळशातील उष्णतेचा फार मोठा भाग हाती लागत नाही. औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेली हवेत आणि पाण्यात निघून जाते. हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांची ती निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. दिवा लावायला, पंखा फिरवायला विजेवाचून गत्यंतर नाही, म्हणून तेथे ही किंमत मोजणे रास्त ठरते. अंगावर घ्यायचे पाणी कोमट करण्यासाठी मात्र ती फार महाग पडते.

एका बादलीचा हिशेब

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंशांवर आहे आणि स्नानाला ते ४० अंशांवर हवे आहे, असे धरू. २० लिटरच्या बादलीला ४०० किलोकॅलरी लागतील. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला अर्ध्या युनिटहून किंचित कमी वीज लागते. ऐकायला ही संख्या क्षुल्लक वाटते. परंतु वीज केंद्रात तिच्यासाठी तिप्पट, म्हणजे १२०० किलोकॅलरींचा कोळसा जाळावा लागतो. आपल्याकडील साधारण प्रतीच्या एक किलो कोळशातून सुमारे ४००० किलोकॅलरी मिळतात, असे मानले तर एका बादलीमागे ३०० ग्रॅम कोळसा खर्च झाला. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ असते. तिसरा हिस्सा धरला तरी १०० ग्रॅम राख मागे उरली. प्रत्येक बादलीमागे मूठभर राख! ही राख कोठेतरी न्यावी लागते. सिमेंट बनवण्यासाठी तिचा उपयोग होतो हे खरे, परंतु तिचे ढीग, तिची धूळ आणि वाहतूक हे औष्णिक केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. गिझरचे बटण दाबणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

आता दुसरा एक हिशेब पाहू. हीच २० लिटरची बादली दहा मजली इमारतीच्या गच्चीवर, म्हणजे सुमारे ३० मीटर उंच चढवायला किती ऊर्जा लागेल? दीड किलोकॅलरीहूनही कमी. पंपातील गळती-घर्षण धरून ती दुप्पट झाली, तरी तीन किलोकॅलरी. पाणी दहा मजले चढवण्यापेक्षा ते कोमट करायला शंभरपटींहून अधिक ऊर्जा लागते. पाण्याची बचत आणि ऊर्जेची बचत या दोन गोष्टी एका दमात उच्चारल्या जातात, त्या सारख्या नाहीत, हे यावरून ध्यानात येईल. थंड पाणी सांडले तर मुख्यतः पाणी गेले. ऊन पाणी सांडले तर पाण्याबरोबर कोळसाही गेला.

पाठगत प्रश्न : आईने ३० अंशांवरचे २० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापवले. किती युनिट वीज लागली? उन्हाळ्यात हा खर्च का घटतो?

बादली की फवारा?

भारतीय मानकांनुसार शहरातील माणसाला घरगुती वापरासाठी दिवसाला १३५ लिटर पाणी लागते असे धरतात. त्यांपैकी ५५ लिटर केवळ स्नानासाठी असतात. पिण्यासाठी ५ आणि स्वयंपाकासाठी ५. या आकड्यांकडे नीट पाहावे. घरातील सर्वांत मोठा खर्च स्नानाचा आहे, म्हणून काटकसरीला सर्वांत अधिक वावही तेथेच आहे.

तांब्याने अंगावर पाणी घेणारा माणूस एका बादलीत स्वच्छ होतो. जुन्या पद्धतीचा फवारा मिनिटाला १० लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी सोडतो. दहा मिनिटांचे स्नान म्हणजे १०० लिटर. वरील हिशेबाने दीड किलो कोळसा. चौघांच्या घरात रोजचा सहा किलो. फवारा वाईट असे मात्र नव्हे. वाकता न येणाऱ्या वृद्धांना तो सोयीचा असतो. मिनिटाला सहा-सात लिटर सोडणारे फवारे आता मिळतात; साबण लावताना तोटी बंद ठेवली आणि चार मिनिटांत स्नान आटोपले, तर ते बादलीच्या जवळपास येते. दोष असतो तो वाहत्या धारेखाली विचार करत उभे राहण्याच्या सवयीत. बादलीला तळ असतो आणि तो दिसतो; फवाऱ्याला तळ नसतो.

आणखी एक लहानशी गळती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गिझरपासून तोटीपर्यंतच्या नळीत आदल्या वेळचे थंड झालेले पाणी असते. दहा मीटर लांबीच्या साध्या नळीत ते पावणेदोन लिटर भरते. ‘ऊन पाणी येऊ दे’ म्हणून ते मोरीत सोडून दिले जाते. तेच बादलीत धरले, तर विसणाला उपयोगी पडते. विसण हा शब्द आता शहरांत मागे पडत चालला आहे. कढत पाण्यात घालायच्या थंड पाण्याला विसण म्हणतात. ६० अंशांच्या १५ लिटर पाण्यात २० अंशांचे १५ लिटर विसण घातले, की ४० अंशांचे ३० लिटर पाणी होते, म्हणजे दीड बादली. तेव्हा १५ लिटरचा गिझर एकदा तापला, की तो बंद करावा. दिवसभर चालू ठेवलेल्या गिझरची उष्णता त्याच्या कवचातून झिरपत राहते आणि कोणी स्नान करो वा न करो, तो पुनःपुन्हा वीज घेतो. गिझरवरील तारांकित पट्टी ही झीज किती कमी आहे तेच सांगते. विकत घेताना रंगाआधी ती पाहावी.

बंबाची शिस्त

महाराष्ट्रातील जुन्या घरांत न्हाणीघराजवळ तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत काटक्या-कोळसे पेटत आणि भोवतालचे पाणी तापे. जितके ऊन पाणी काढावे तितके गार पाणी वरून ओतावे, हा नियम. न ओतल्यास बंबाचे सांधे सुटत. त्यामुळे आपल्यामागून किती जण स्नान करायचे आहेत, याचे भान प्रत्येकाला ठेवावे लागे. बंबाच्या धुराने घरातल्या बायकांचे डोळे आणि छाती भाजून निघे, हे विसरून त्याचे गोडवे गाऊ नयेत. परंतु आग आणि पाणी यांत हातभराचेच अंतर असल्यामुळे उन पाण्याची किंमत घरात सर्वांना ठाऊक होती, एवढे मान्य करावे लागते.

आज तेच अंतर सूर्य कमी करू शकतो. छतावरील सौर बंबात विजेचा फेरा टळतो. उष्णता सरळ पाण्यात उतरते. पुण्यासारख्या शहरांत गृहसंकुलांच्या गच्च्यांवर त्यांच्या रांगा दिसतात. कोलकात्याकडे पावसाळ्यात ऊन रुसते, पण ऊन पाण्याची गरज भासते ती हिवाळ्यात, आणि तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. सौर बंब परवडत नसला, तरी अंगणात उन्हात ठेवलेली काळी बादली दुपारपर्यंत कोमट होते. ती फुकट आहे, म्हणूनच बहुधा तिची जाहिरात कोणी करत नाही.

येथे बजबजच्या घाटावरील ती दुपारची सवय पुन्हा आठवावी. कोलकात्यात जानेवारीतील पहाटेचे तापमान १३-१४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी २५ अंशांच्या आसपास जाते. पहाटे स्नान करणाऱ्याला गिझर लावावा लागतो. तोच माणूस दुपारी, तेल चोळलेल्या अंगावर ऊन घेऊन, न तापवलेले पाणी सुखाने घेईल. ज्या सवयीला आपण आळस म्हणतो, तिच्यात ऋतूचा हिशेब दडलेला असू शकतो. अर्थात तागाच्या गिरणीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्याला किंवा आठची गाडी गाठणाऱ्याला दुपारची वाट पाहता येत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र कोणालाही ती पाहता येईल.

हा हिशेब कोणाला लागू करावा, याचाही विवेक हवा. तान्हे मूल, आजारी माणूस, वयोवृद्ध यांच्या ऊन पाण्यात काटकसर करू नये. आणि ज्यांच्या वाट्याला रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाचे एकच बादली पाणी येते, त्यांना बचतीचा पाठ शिकवणे हा उद्धटपणाच होय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावर आगगाडीने पाणी नेले गेले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मानकातील ५५ लिटरप्रमाणे ते नऊ हजार माणसांच्या एका दिवसाच्या स्नानालाच पुरले असते. बादलीने स्नान केले, तर पंचवीस हजारांच्या.

करून पाहा

घरातील बादलीत किती लिटर पाणी मावते, ते लिटरच्या बाटलीने मोजून घ्या. फवारा किंवा तोटी पूर्ण उघडून ती बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहा. हे पाणी पुढे कपड्यांना किंवा झाडांना वापरा. मग रविवारी सकाळी गिझर लावण्यापूर्वी आणि घरातील शेवटचे स्नान आटोपल्यावर विजेच्या मीटरवरील आकडे लिहून ठेवा. दुसऱ्या रविवारी गिझर एकदाच तापवून, विसण घालून, सर्वांनी बादलीने स्नान करावे आणि पुन्हा तेच आकडे घ्यावेत. दोन्ही दिवशी त्या वेळेत घरातील इतर यंत्रे सारखीच चालू राहतील, याची काळजी घ्या. दोन आकड्यांतील फरकाला ६०० ने गुणले, की किती ग्रॅम कोळसा जमिनीत राहिला याचा ढोबळ अंदाज येईल. हा ६०० कोठून आला, ते वरील हिशेबातून शोधून काढा.